जुनी सायकल बदलून मध्यम किमतीची रोड बाईक घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एक जुनी सायकल आहे, ती आता पुरेनाशी झालीय आणि लाखाच्या आत बरी रोड बाईक, म्हणजे वळलेल्या हँडलची हलकी सायकल, घ्यायचा विचार चाललाय, अशांसाठी हे पान आहे. मध्यम किंमत म्हणजे इथं साधारण ४५ हजार ते १ लाख रुपये धरलेत. उत्तरं बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या रस्त्यांना धरून आहेत. दुसरीकडं राहणाऱ्यांनी त्यात आपापल्या रस्त्याप्रमाणं फेरफार करावा.

आहे तीच सायकल ओव्हरऑइल करून चालवली तर?

ती कुठली आहे आणि तिच्याकडून काय काम हवंय, यावर आहे. बीएसए एसएलआर, अॅटलास, हीरो असली पोलादी सायकल असेल तर फ्रेम बहुतेक वेळा अजून ठणठणीत असते. अडतं ते सामानापाशी. आजच्या रोड बाईकचं चाक ७०० सी असतं, म्हणजे रिमवर जिथं टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. जुन्या २७ इंची चाकाचा तोच व्यास ६३०. बघायला दोन्ही सारखी वाटतात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही आणि २७ इंचीचे हलके, चांगले टायर आता सहज मिळत नाहीत. ७०० सी चाकं घालायची म्हटलं तर रिम ४ मिलिमीटर खाली जाते, ब्रेकचं रबर तिथवर पोचायला हवं. मागच्या चिमट्यातली जागा जुन्या गिअरवाल्या सायकलला १२० किंवा १२६ मिलिमीटर असते, रिम ब्रेकच्या आधुनिक हबला १३० लागते. पोलाद जाणत्या मिस्त्रीकडून तेवढं फाकवून घेता येतं. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला तो प्रयोग कधीही करू नका.

त्यातून क्रँक (पायडलचा दांडा) कॉटर पिनचा, म्हणजे ठोकलेल्या खिळीचा, असला तर खर्च वाढतच जातो. तरीही मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते रिमचं. जुन्या सायकलींना क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम असते, आणि ती ओली झाली की ब्रेकचं रबर धरतच नाही, नुसतं घसरतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हीच अवस्था.

शहापूरहून खडे बाजारात जाऊन यायचं एवढंच काम असेल तर दुरुस्त करा आणि मजेत चालवा. रविवारी साठ-सत्तर किलोमीटर जायचंय, घाट उतरायचाय, तर दुरुस्तीचे पैसे नव्या सायकलीत घाला.

इथल्यासाठी सायकल निवडताना आधी काय बघायचं?

परतीचा रस्ता.

बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या जवळ वसलंय. पुण्याचा माणूस सकाळी ताज्या पायांनी सिंहगड चढतो आणि उतरत घरी जातो. आपलं उलटं आहे. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून केरीला जा, आंबोली उतरून सावंतवाडीला जा, नाहीतर अनमोड उतरून मोलेला जा: आधी उतार, आणि घरी यायचं तेव्हा चढ. तोवर ऊन तापलेलं असतं, पाय दमलेले असतात आणि बाटली तळाला गेलेली असते. म्हणून पहिल्यांदा ब्रेक, सगळ्यात हलका गिअर आणि टायरला किती जागा आहे, या तीन गोष्टी बघायच्या. चौथी गोष्ट म्हणजे बिघडलं तर सामान कुठं मिळणार. वजन, रंग आणि फ्रेमवरचं नाव या सगळ्यानंतर येतं. दुकानात मात्र बोलणं नेमकं उलट्या क्रमानं सुरू होतं.

पूर्वेला, बैलहोंगल-सौंदत्तीकडं, माळ मोकळा आहे. तिथं चढाचा त्रास कमी, वारा आणि काटे जास्त. उत्तरेला पुणे-बंगळूर महामार्गावर वंटमुरी आणि निपाणीजवळचा तवंदी असे दोन घाट आहेत. ते पश्चिमेकडच्यांच्या मानानं लहान आहेत.

५०/३४ आणि ११-३२ असे आकडे लिहिलेले असतात. त्यातून काय कळतं?

पुढं दोन चकत्या आहेत, मोठीला ५० दात, लहानीला ३४. मागच्या कॅसेटमध्ये सगळ्यात लहान चकती ११ दातांची, सगळ्यात मोठी ३२ दातांची. घाट चढणाऱ्यानं पुढची लहान आणि मागची मोठी एवढ्या दोनच आकड्यांकडं बघावं.

३४ ला ३२ ने भागलं की १.०६ येतं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर पुढं जाते. मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी सव्वानऊ किलोमीटरच्या थोडा वर वेग मिळतो. मागं ३४ दात असतील तर त्याच ७० फेऱ्यांत वेग पावणेनऊच्या आसपास येतो, म्हणजे आणखी खडा चढ दम न लागता निघतो. आता जुन्या रेसरशी ताडून बघा. तिला पुढं ५२/४२ आणि मागं २४ असायचे. तिच्या सगळ्यात हलक्या गिअरला एका फेऱ्यात पावणेचार मीटरच्या जवळपास जावं लागतं. घाटात वेग ८ वर आला की मिनिटाला जेमतेम ३६ फेरे. असा घाट चढता येत नाही असं नाही, जुन्या लोकांनी चढलेत, पण सगळा भार गुडघ्यांवर येतो.

आपल्यासाठी मागं निदान ३२ हवेत, ३४ मिळाले तर फारच उत्तम. दुकानातल्या सायकलीला ११-२५ किंवा ११-२८ कॅसेट असेल तर घेण्याआधीच ती बदलून मागा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, मोठ्या चकतीला पुरतो का तेही विचारा. आखूड पिंजऱ्याचा असेल तर पुरणार नाही.

क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५: कुठं थांबायचं?

शिमानो ही गिअर आणि ब्रेक बनवणारी कंपनी, आणि हे तिचे संच, स्वस्तापासून महागाकडं. क्लॅरिसला मागं ८ गिअर, सोराला ९, टियाग्राला १०. १०५ आता १२ वर गेलाय. २०२२ मध्ये तो बॅटरीवर चालणारा आला आणि २०२३ मध्ये केबलचाही. आपल्या किमतीत क्लॅरिस खालच्या टोकाला, सोरा मध्यावर आणि टियाग्रा वरच्या टोकाला सापडतो.

माझं मत सोराच्या बाजूचं आहे आणि त्याला कारण मंडईचं आहे, तंत्राचं नाही. ८ आणि ९ गिअरच्या चेन आणि कॅसेट एमटीबीला (जाड टायरच्या डोंगरी सायकलीला) आणि रोड बाईकला एकच चालतात. गिअरच्या एमटीबी सगळीकडं फिरतात, त्यामुळं हे सामान लहान गावातल्या दुकानातही निघण्याची आशा असते. बारा गिअरची चेन तुटली तर कुरिअरची वाट बघत बसायचं. शिवाय चेन जितकी अरुंद, तितकी ती घाणीला आणि झिजेला नाजूक.

क्लॅरिसला नाक मुरडू नका. ५०/३४ आणि ११-३२ असलेली क्लॅरिसची सायकल ११-२८ वाल्या १०५ पेक्षा चोर्ल्यात जास्त सुखाची. टियाग्राचे ब्रेक आणि गिअर हाताला नक्कीच जास्त मऊ लागतात. पैसे असतील तर घ्या, पण त्यासाठी चाकं किंवा टायर हलक्या प्रतीचे पत्करू नका.

२०२५ मध्ये शिमानोनं वळलेल्या हँडलच्या सायकलींसाठी क्यूज नावाचा संच आणला. तो हळूहळू क्लॅरिस, सोरा आणि टियाग्राची जागा घेणार आहे. चांगला, टिकाऊ आहे, पण सोरा-टियाग्राचे भाग त्याच्यात मिसळून चालत नाहीत. त्यामुळं सायकल क्यूजची असेल तर पुढचं सगळं सामान क्यूजचंच घ्यावं लागणार हे धरून चला.

आणि एक फसवाफसवी ओळखायला शिका. जाहिरातीत "सोरा" लिहिलेलं असतं, पण लिव्हर आणि डिरेलर तेवढे सोराचे, क्रँक वेगळ्याच कंपनीचा आणि ब्रेक बिननावाचे. स्पेसिफिकेशनची यादी पूर्ण वाचा, विशेषतः ब्रेकची ओळ.

डिस्क ब्रेक घ्यावा की रिम ब्रेक?

आपल्या पश्चिम पट्ट्यासाठी डिस्क. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती पावसात रिमवर चिकटते, आणि ब्रेक दाबला की ती घासपेपरसारखी रिम खाते. एक-दोन पावसाळ्यांत रिमचा काठ आत वळलेला बोटाला लागतो. डिस्कला झीज होते ती पॅडची आणि तबकडीची. दोन्ही बदलता येतात, चाक तसंच राहतं. शिवाय लांब उतारावर सतत ब्रेक धरला की रिम तापते, तोही प्रश्न मिटतो.

डिस्कमध्ये दोन जाती आहेत. केबलवर चालणारी कुठलाही मिस्त्री लावून देईल. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, हाताला हलकी आणि जोरात धरणारी, पण तिचं ऑईल बदलायला सामान आणि सवय लागते. शिमानोला मिनरल ऑईल लागतं, स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या बहुतेक ब्रेकना डॉट ऑईल. एकात दुसरं घातलं तर सील खराब होतात. तुमच्या गावात हे करणारा माणूस नसेल तर चांगल्या प्रतीचा केबल डिस्क घ्या आणि स्वस्थ रहा.

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या सपाटीवर मुख्यतः कोरड्या दिवसांत चालवणाऱ्यांना चांगला रिम ब्रेक पुरेसा आहे. सायकल थोडी हलकी आणि स्वस्तही मिळते. मात्र नेहमीच्या आखूड कॅलिपरखाली (रिम धरणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याखाली) २८ मिलिमीटरच्या वर टायर जात नाही.

टायर किती रुंद?

२८ च्या खाली उतरू नका. फ्रेममध्ये ३२ ची जागा असेल तर ३२ च घाला. पूर्वी २३ म्हणजे वेग अशी समजूत होती. ती गुळगुळीत ट्रॅकवर ठीक. खडबडीत रस्त्यावर कडक, अरुंद टायर प्रत्येक खडीवर सायकलीला उचलतो आणि त्यातच जोर वाया जातो. प्रत्येक गावाच्या वेशीवर बिनरंगाचे गतिरोधक आहेतच.

हवा किती, हेही लोक विचारतात. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय आणि ३२ मध्ये ५५ ते ६० च्या आसपास भरून सुरुवात करा, मग दोन-चार पीएसआय वरखाली करून अंगाला काय बरं लागतं ते बघा. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही.

पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडं हवा भरता येते का?

थेट नाही. जुन्या सायकलीला वालट्यूबचा व्हॉल्व्ह असतो, मोटारसायकलला जाडा, आणि रोड बाईकला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह. प्रेस्टावर चढवायची पितळी टोपी अगदी स्वस्तात मिळते. दोन घ्या, एक सायकलीवर, एक पाकिटात. घरी मात्र मीटरवाला उभा पंप हवाच. रोड टायरची हवा आठवड्यात उतरतेच, दर वेळी कुणाच्या दारात जाणार?

पंक्चरला कंटाळलोय. ट्यूबलेस करू का?

पूर्वेच्या माळावर बाभळीचे काटे आहेत, तिथं ट्यूबलेसचा फायदा आहे. पण आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ रबर, आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी घालावं लागतं. ते विसरलात तर ऐन वेळी टायरात वाळलेलं रबर सापडतं. एवढं सांभाळणार नसाल तर जाड बुडाचा टायर, आत ट्यूब आणि सोबत दोन जादा ट्यूब. पंक्चर काढायला शिकून घ्या. कणकुंबीच्या पुढं हाक मारायला कुणी नसतं.

साडेनऊ किलोची सायकल साडेदहापेक्षा किती बरी?

हिशोब करू. तुम्ही सत्तर किलो, सायकल दहा, एकूण ऐंशी. एक किलो कमी झाला म्हणजे सव्वा टक्का. चढावर वेळ साधारण त्याच प्रमाणात वाचतो. चाळीस मिनिटांच्या चढाला अर्धा मिनिट. सपाटीला जवळजवळ काहीच नाही. त्या एका किलोसाठी दुकानदार पंधरा-वीस हजार जास्त मागत असेल, तर ते पैसे टायरांत आणि चाकांत घालणं शहाणपणाचं.

अॅल्युमिनियम, क्रोमोली की कार्बन?

या किमतीत अॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा पुढचा फोर्क, हा मेळ सगळ्यात चांगला. क्रोमोली, म्हणजे चांगल्या जातीचं पोलाद, थोडी जड, पण चालवायला मऊ आणि दुरुस्त होणारी. गंज लागू नये म्हणून दर पावसाळ्यानंतर सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून आत तेल फवारायचं. लाखाच्या आतली नवी पूर्ण कार्बन सायकल दिसली तर बाकीचं सामान कुठं कापलंय ते शोधा.

आपल्याकडं एक सोय आहे. उद्यमबागेत लेथ आणि मिलिंगवाले आहेत. सीटपोस्टची बुश, स्पेसर, बाटलीच्या पिंजऱ्याची पट्टी असं काहीही नमुना दाखवून करून घेता येतं. ते जरूर करा. पण हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), ब्रेकचा कुठलाही भाग बाहेर बनवून घेऊ नका, आणि अॅल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्डिंग तर नाहीच. ६०६१ जातीच्या अॅल्युमिनियमला वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून पुन्हा ताकद आणावी लागते. नुसता डाग मारला तर शेजारचा भाग मऊ राहतो आणि तिथंच तुटतो.

साईज कशी ठरवायची? दुकानदार म्हणतो सीट वरखाली केली की झालं.

झालं नाही. सीटनं उंची जुळते, लांबी जुळत नाही.

अनवाणी भिंतीला टेकून उभे रहा, पायांमध्ये जाड वही घट्ट वर धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. ही पायाची लांबी. तिला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. लांबी ८० सेंटिमीटर असेल तर ७० सेंटिमीटरच्या थोडं वर. ही सुरुवात, पुढं थोडा फरक होतो.

मग कंपनीच्या तक्त्यात स्टॅक आणि रीच हे दोन आकडे बघा. स्टॅक म्हणजे हँडलची बाजू किती उंच, रीच म्हणजे किती लांब. एका कंपनीची ५२ दुसरीच्या ५४ एवढी असू शकते, म्हणून नुसत्या साईजच्या आकड्यावर जाऊ नका. दोन साईजच्या मध्ये अडकलात, तर लहान घ्या. स्टेम बदलून लहान सायकल लांब करता येते, मोठी आखूड करणं अवघड जातं.

उंची पाच फूट आहे. बायकांची वेगळी रोड बाईक घ्यावी का?

वेगळी अशी लागत नाही. एक्सएस किंवा ४४ ते ४७ च्या आसपासची फ्रेम, १६५ किंवा १७० मिलिमीटरचा क्रँक, अरुंद हँडल आणि बोटांजवळ आणता येणारे ब्रेक लिव्हर, हे जुळलं की झालं. सीट मात्र आपल्या हाडांच्या रुंदीची घ्या. या मापाची सायकल दुकानात बहुधा उभी नसते, मागवावी लागते. "तोवर ही मोठी घेऊन जा की ताई, सवय होते" असं कुणी म्हटलं तर चहा पिऊन परत या.

वय पन्नाशीच्या पुढं, कंबर धरते. वळलेलं हँडल झेपेल का?

झेपतं, सायकल एंड्युरन्स प्रकारची असली तर. तिचं हँडल थोडं उंच आणि जवळ असतं. जायंट कंटेंड, ट्रेक डोमेन एएल, स्कॉट स्पीडस्टर या मालिका त्या बाजूच्या आहेत. स्टेमखालचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) काढून फोर्कची नळी लगेच कापू देऊ नका. काही महिने चालवल्यावर ठरवा. आणि हात सरळ ताठ ठेवायची सवय मोडा, कोपर सैल हवं. जुन्या उभ्या हँडलवरून आलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं.

बेळगावात घ्यावी, की कोल्हापूर, हुबळी, गोव्याहून?

कराचा फरक आता उरलेला नाही. जीएसटी तिन्ही राज्यांत एकच आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. सायकलीला नोंदणी लागत नाही, त्यामुळं शिनोळी किंवा कोगनोळीवरून आणताना कसलीही अडचण नाही. बिल तेवढं जवळ ठेवा.

प्रश्न आहे तो सर्व्हिसिंगचा. नव्या सायकलीच्या केबल ताणतात, चाकाचा आऊट निघतो, महिनाभरात ती एकदा दुकानात न्यावीच लागते. निपाणीकराला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, त्यानं तिकडं जावं. खानापूरकरानं बेळगावातच घ्यावी. दोन-तीन हजार वाचवायला पुण्याहून आणलेली सायकल पहिल्या सर्व्हिसला टेम्पोत घालून कोण नेणार? आणि लक्षात घ्या, दुकान निवडणं म्हणजे मिस्त्री निवडणं. मालकाशी बोलून झालं की मागं जाऊन मिस्त्रीशी पाच मिनिटं बोला. टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती घट्ट झाला ते मोजणारा पाना, कुठं आहे विचारा. त्यानं दाखवला तर निम्मं काम झालं.

ऑनलाईन मागवली तर?

साईज आधी कुठंतरी बसून पक्की केली असेल तरच. खोक्यातून सायकल अर्धवट जोडलेली येते. स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटर, शिमानोच्या डाव्या क्रँकचे बोल्ट १२ ते १४. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते जोर लावून सरळ फिरवलं की क्रँकच्या आट्या गेल्या. स्थानिक मिस्त्रीला जोडणीचे पैसे द्या. दुसरीकडून घेतली म्हणून तो एखादा टोमणा मारेल, ऐकून घ्या.

टेस्ट राईड कुठं आणि कशी करायची?

दुकानासमोरच्या गल्लीत दोन चकरा मारून काही कळत नाही. काँग्रेस रोडला वेग बघा, मग जमलं तर येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ. सगळ्यात हलक्या गिअरला बसून चढता येतंय का, आणि उतरताना हात ब्रेकच्या वरच्या पकडीत असतानाही सायकल थांबते का, एवढं बघायचं. दुकानदार तेवढ्या लांब नेऊ देत नसेल तर मित्राकडची त्याच साईजची सायकल मागून घ्या.

सेकंडहँड घेतली तर जास्त चांगली मिळेल ना?

मिळते, पण बघून. फ्रेम पुसून उजेडात धरा. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) खालचा जोड, क्रँकच्या भोवती आणि मागचं चाक बसतं तिथं रंगात केसाएवढी रेघ दिसली तर सोडून द्या. सीटपोस्ट हलवून बघा, वर्षानुवर्षं न काढलेला अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट पोलादी फ्रेमला अक्षरशः चिकटतो. रिम ब्रेक असेल तर रिमवरून बोट फिरवा. चेनची झीज मोजायला साधी फूटपट्टी पुरते. बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बरोबर बारा इंच भरायला हव्यात, एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेनबरोबर बहुधा कॅसेटही गेली. तेवढे पैसे किमतीतून कापा.

क्रँकच्या खाली फ्रेम नंबर असतो. तो बिलाशी जुळतो का बघा. बिल नाही, नंबर खरवडलेला आहे, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. मूळ मालकाची सायकल गेली असेल तर तुमचीही जाईल.

ग्रॅव्हल बाईक किंवा हायब्रिड बरी नाही का?

खानापूर तालुक्यातल्या आडवाटांवर जाणार असाल तर ग्रॅव्हल (रुंद टायरची, कच्च्या रस्त्याला चालणारी) खरोखर चांगली, फक्त किलो-दीड किलो जड. हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची, गावातल्या गावात. तीस किलोमीटरच्या पुढं एकाच पकडीत हात बधिर होतात.

पायात अडकणारे पेडल लागतात का?

पहिल्या वर्षी नाही.

सायकलशिवाय आणखी किती धरायचे?

सहा ते आठ हजार. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, उभा पंप, छोटा पंप, ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, मल्टीटूल, दोन बाटल्या. यात एक गोष्ट सगळे विसरतात. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. सायकल उजवीकडं पडली की तो वाकतो, मुद्दाम मऊ केलेला असतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा. सायकलीबरोबरच एक जादा मागवा, नंतर मॉडेल बंद झालं की मिळत नाही.

उसाच्या हंगामात चालवणं कितपत सुरक्षित?

चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, गोकाककडं नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागं दोन-दोन ट्रॉल्या असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. पहाटे निघणाऱ्यांनी उजाडेपर्यंत थांबावं, हा एकच सल्ला. ट्रॉली ओलांडताना ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही आणि टेपच्या आवाजात घंटाही ऐकू जात नाही. बाहेर लोंबणारा ऊस हँडलला लागतो, म्हणून अंतर जास्त ठेवा. मागचा दिवा दिवसाही चालू असू द्या.

पावसाळ्यात चालवायची की झाकून ठेवायची?

चालवा, पण फ्रेमला मडगार्ड लावायची भोकं आहेत का ते घेतानाच बघा. घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुवा, प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारू नका, चेन पुसून तेल घाला. कणकुंबी-आंबोलीच्या पावसात चेनचं तेल एका फेरीत धुऊन जातं. आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) असलेली फ्रेम मिळाली तर तीच घ्या. आत चिखल शिरला की कुठलाही मिस्त्री तो फिरवून काढतो आणि नवा बसवून देतो. दाबून बसवलेल्या प्रकाराला वेगळी हत्यारं लागतात आणि तो कुरकुरायला लागला की थांबत नाही.

याच सायकलीवर बीआरएम करता येईल का?

येईल. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळात लांबचं अंतर कापायची राईड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. ताशी पंधराच्या सरासरीनं, थांबण्यासकट, २०० निघतं. सायकल वेगवान असण्यापेक्षा तेरा तास बसवेल अशी असावी लागते. दिवे आणि चमकणारं जाकीट लागतंच.

जुनी सायकल एक्स्चेंजला द्यावी का?

दुकानात तिचे फार येत नाहीत. घोडा, कॅरिअर, मडगार्ड असलेली सायकल गणपत गल्लीत भाजी आणायला ठेवलीत तर नवीला कुलूप घालून बाजारात उभी करायची वेळ येणार नाही. कुणा शाळेच्या पोराला देणार असाल तर ब्रेकचे रबर आणि दोन्ही केबल आधी बदला, सीट त्याच्या उंचीला आणून द्या.